काम अर्धे टाकून उठण्याविषयी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: एका 42 वर्षांच्या भगिनीने लिहिले आहे. त्या एका कार्यालयात हिशेबाचे काम पाहतात. घरी पती, दोन शाळकरी मुले आणि अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या शाळेचा एक वर्ग, गायनवृंद आणि भगिनींची साप्ताहिक प्रार्थनासभा अशा तीन जबाबदाऱ्या त्यांच्याकडे आहेत, आणि आता तरुणांच्या शिबिराची व्यवस्थाही त्यांनीच पाहावी असे पाळकांनी सुचवले आहे. मध्यंतरी त्यांनी विश्रांतीसाठी चार दिवसांची रजा घेतली, तर दुसऱ्याच रात्री 11 वाजता त्या जुन्या कागदांचे कपाट आवरत बसल्या होत्या. रिकामे बसले की त्यांना अपराधी वाटते. प्रार्थनेला बसले की राहिलेली कामे आठवतात, म्हणून हल्ली त्या शेजारी वही ठेवतात. ‘प्रभूने विसाव्याचे वचन दिले आहे, माझा त्याच्यावर विश्वास आहे, मग मला विसावा का मिळत नाही? माझ्या विश्वासातच काही कमी आहे का? आणि देवाच्या कामाला नाही तरी कसे म्हणायचे?’ असे त्या विचारतात. पत्राचा शेवटचा भाग आपण रात्री साडेबाराला, वॉशिंग मशीन थांबण्याची वाट पाहत लिहिला, असेही त्यांनी जाता जाता कळवले आहे.

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या वॉशिंग मशीनपाशी थांबले. दिवसभरात तुमचे हात मोकळे होते तो वेळ बहुधा तेवढाच होता, आणि तोही तुम्ही या पत्राला दिलात. त्याबद्दल आभार मानावेत की तुम्हांला रागवावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

विश्वासात काही कमी आहे का, या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याच्या ओझ्याखाली बाकीचे काही ऐकू येणार नाही. तसे मला वाटत नाही. मात्र तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती इतकी सवयीची आहे की तिच्याकडे तुमचे लक्षही गेले नसेल. ती अशी, की काम आधी संपते आणि विसावा त्यानंतर येतो. ‘एवढे झाले की बसते’ हे वाक्य तुम्ही दिवसातून किती वेळा म्हणता, ते एकदा मोजून पाहा. काम संपण्यावर विसावा अवलंबून असेल, तर अंथरुणाला खिळलेले माणूस, वाढती मुले आणि दर महिन्याला नव्याने सुरू होणारे हिशेब ज्या घरात आहेत, तिथे तो कधीच येणार नाही, मग विश्वास कितीही मोठा असो.

‘विसावा’ हा आपल्या भाषेतला शब्दच पाहा. वाटेत जिथे डोक्यावरचे ओझे उतरवून घटकाभर टेकायचे, त्या जागेलाही आपण विसावा म्हणतो. मुक्कामाला पोहोचल्यावर जे मिळते ते वेगळे. विसाव्यानंतर ओझे पुन्हा उचलायचे असते आणि पुढची वाट शिल्लकच असते. बायबलमधल्या मत्तयाच्या 11व्या अध्यायातले जे वचन तुमच्या मनात आहे, ते ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ असे सुरू होते. ज्यांनी ओझी पोहोचती केली आहेत त्यांना ती हाक नाही. ज्यांच्या डोक्यावर ती अजून आहेत त्यांना आहे. शिवाय त्याच दमात प्रभू ‘माझे जू आपणांवर घ्या’ असेही म्हणतो. लहानपणी मला हे विचित्र वाटे, कारण थकलेल्याला पुन्हा जुवाला जुंपण्यात कसला आराम? पण पुढचे विशेषण महत्त्वाचे आहे: ‘माझे जू सोयीचे’. जू नीट बेतलेले नसले की एकाच जागी घासत राहते, बैलाचा खांदा सोलवटतो आणि पुढे खांदेसूज होते. म्हणजे किती ओढायचे याच्याइतकाच ते कशाने ओढायचे, हाही प्रश्न आहे. तुमच्या पत्रात ओझ्यांची यादी आहे. खांद्याला नेमके कुठे घासते आहे, ते मात्र त्यात एकाच ठिकाणी दिसते, आणि ते ठिकाण म्हणजे ‘अपराधी वाटते’ हे दोन शब्द.

हा अपराधीपणा कुठून येतो, हे पाहण्यासाठी निर्गमाचा 5वा अध्याय काढा. इस्राएल लोक मिसरात विटा पाडत असताना मोशे फारोकडे जाऊन उपासनेसाठी त्यांना सुटी मागतो. फारो विटांची संख्या तीच ठेवतो, विटांसाठी मिळणारा पेंढ्याचा पुरवठा बंद करतो, आणि लोक गाऱ्हाणे घेऊन आले की त्यांना म्हणतो की तुम्ही आळशी आहात, म्हणून तुम्हांला यज्ञ करायला जायचे सुचते. थांबू पाहणाऱ्या माणसाला आळशी म्हणणारा आवाज त्या गोष्टीत फारोचा आहे. तुम्ही चार दिवस बसायचे ठरवलेत तेव्हा तुम्हांला जो आवाज ऐकू आला, तो तुम्ही देवाचा समजलात. माझ्या मते तुमची ओळख चुकली.

मिसरातून सुटल्यावरही तो आवाज त्या लोकांच्या कानांतून लगेच गेला नाही. 16व्या अध्यायात रानात मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेले अन्न, पडतो. रोजचा रोज गोळा करायचा. उरवून ठेवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत चांगला राही, कारण सातवा दिवस थांबण्याचा होता. तरीही काही जण सातव्या दिवशी गोळा करायला बाहेर पडलेच, आणि त्यांना काही मिळाले नाही. घरात पुरेसे असताना ते का गेले असतील? पिढ्यान्‌पिढ्या विटा मोजून दिलेल्या माणसाला रिकाम्या हातांची भीती वाटते. रजेच्या दुसऱ्या रात्री कपाटासमोर बसलेल्या तुम्ही मला त्यांच्यातल्याच एक वाटलात, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, कारण त्या कपाटाशी मीही बसलेली आहे. एकदा विश्रांतीचा आठवडा ठरवला, तेव्हा मी त्या आठवड्याचे तासवार वेळापत्रक केले होते आणि मंगळवारीच त्यात मागे पडले होते.

शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाची, आज्ञा दोन ठिकाणी येते आणि दोन्हीकडे कारण वेगळे दिले आहे. निर्गमाच्या 20व्या अध्यायात देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, हे कारण आहे. अनुवाद या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात मात्र तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव, असे म्हटले आहे, कारण दासाला सुटी नसते. म्हणून आठवड्यातून एकदा काम अर्धे टाकून उठणे, ही आपण आता दास नसल्याची कबुलीच आहे, आणि ती तोंडाने देण्यापेक्षा हात थांबवून देणे बरेच कठीण जाते.

आता एक नाजूक प्रश्न, आणि त्याचे उत्तर मला कळवण्याची गरज नाही. तुम्ही खरोखर रिकाम्या बसलात, तर मनात काय येते? चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस नावाच्या संन्याशाने भर दुपारी येणाऱ्या एका उदासीचे वर्णन करून ठेवले आहे: सूर्य हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो आणि नजर सारखी खिडकीकडे जाते. त्याच परंपरेतला कॅसियन पुढच्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो, की या अवस्थेत माणसाला आजाऱ्यांना भेटायला जावे, कुणाचे तरी काम करून द्यावे, अशा अगदी धार्मिक वाटणाऱ्या इच्छा होऊ लागतात. पुढे या अवस्थेला आळसाच्या खात्यात टाकले गेले, पण ती आळसासारखी न दिसता लगबगीसारखीही दिसू शकते, हे या मंडळींनी फार पूर्वी ओळखले होते. तुमच्या बाबतीत असेच आहे असा माझा दावा नाही. सासऱ्यांचे दुखणे, नोकरीतला एखादा सल, जिच्याशी बोलणे तुटले आहे अशी एखादी व्यक्ती, यांपैकी काही त्या शांततेत वाट पाहत उभे असेल, तर धावत राहणे हाच त्याला टाळण्याचा सोपा मार्ग ठरतो. पहिल्या काही वेळा थांबल्यावर हलके वाटण्याऐवजी रडू आले, तर काही बिघडले असे समजू नका.

पण त्याआधी शरीराकडे पाहा, हे फार आत्मिक होऊ पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगावे लागते. 1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो, उशाशी भाकर आणि पाणी असते, तो खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा उठवला जातो, पुन्हा खातो. देवाची ती प्रसिद्ध मंद वाणी त्याला 40 दिवसांच्या चालीनंतर ऐकू येते. तुम्ही रात्री साडेबाराला जाग्या असता आणि सकाळी मुलांच्या शाळेसाठी उठता, म्हणजे झोप पाच तासांच्या आसपास होत असावी, असा माझा अंदाज आहे. पुरेशी झोप घेऊनही थकवा हटत नसेल, तर रक्तक्षय, थायरॉइड, झोपेचे विकार, नैराश्य यांपैकी काही नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामातून येणाऱ्या ज्या दमणुकीची नोंद केली, तिची तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी मनात आलेला दुरावा किंवा कडवटपणा आणि कामाचा उतरलेला दर्जा. संघटनेने तिला आजार म्हटलेले नाही आणि ती व्याख्या नोकरीपुरतीच केली आहे, तरी गायनाच्या सरावाला जाताना तुमच्या मनात दुसरे लक्षण डोकावते का, ते स्वतःला विचारा.

देवाच्या कामाला नाही कसे म्हणायचे? मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभू पहाटे उठून एकान्तात प्रार्थना करत असतो, तेव्हा शिष्य शोधत येतात आणि सगळे लोक तुला शोधत आहेत असे सांगतात. गावात आजारी माणसे होती, मागणी खरी होती. तो त्यांना म्हणतो, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. कोणीतरी शोधते आहे एवढ्यावरून ते काम आपलेच ठरते, असे त्याने मानले नाही. मोशेला हे त्याच्या सासऱ्याकडून शिकावे लागले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करणाऱ्या जावयाला पाहून इथ्रो म्हणाला, की तू करतोस हे ठीक नाही, अशाने तूही झिजशील आणि हे लोकही. त्यातले ‘हे लोकही’ मला फार मोलाचे वाटते. तुम्ही तीन जागा सांभाळता, तेव्हा त्यांतल्या एखाद्या जागेवर शिकू शकणारी दुसरी बहीण बाहेर उभी राहते. पाळक पुन्हा तुमच्याकडेच येतात, कारण तुम्ही कधी नाही म्हणत नाही; यात त्यांचा वाईट हेतू असेल असे नाही, पण सोय नक्कीच आहे.

प्रभू घरी आला असता पाहुणचाराच्या धावपळीत वैतागलेल्या मार्थेची गोष्ट मी मुद्दाम अजून काढलेली नाही. थकलेल्या बायकांना आणखी एकदा बोल लावायला ती इतक्यांदा वापरली जाते, की तिचा धसका बसावा. प्रभूने तिचे नाव दोनदा घेतले आणि ‘तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस’ एवढे म्हटले. पाहुण्यांना उपाशी ठेव असे म्हटले नाही. योहानाच्या 12व्या अध्यायात तीच मार्था पुन्हा वाढताना दिसते आणि तेव्हा तिला कोणी काही बोलत नाही. तेव्हा सगळेच सोडा, असा सल्ला मी तुम्हांला देणार नाही.

तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात. सर्व जबाबदाऱ्या ठेवून वेळेचे नियोजन सुधारणे ही पहिली, आणि तुम्ही हिशेब पाहणाऱ्या असल्यामुळे ती तुम्हांला मोहात पाडेल. पण तुमच्याकडे नियोजन कमी आहे असे पत्रावरून मुळीच वाटत नाही, त्यामुळे या वाटेने जाऊ नका. वर्षभरासाठी मंडळीतल्या सर्व कामांतून बाहेर पडणे ही दुसरी. काहींना ती लागते, विशेषतः मघाच्या तीन लक्षणांपैकी तिन्ही असतील तर, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. तिसरी मधली आहे आणि मी तुम्हांला तीच सुचवते: शिबिराला आत्ताच नाही म्हणा आणि तीनपैकी एक जबाबदारी ठरावीक तारखेपर्यंत दुसऱ्या कोणाच्या हाती द्या. कोणती, हे ठरवताना कुठे आपल्यावाचून अडेल हे पाहू नका. कुठून परतताना तुम्ही गेल्यापेक्षा ताज्या असता, ते पाहा आणि ती ठेवा. पाळकांना ‘यंदाचे शिबिर मला जमणार नाही’ एवढेच वाक्य पुरे आहे. त्यामागे सासऱ्यांची प्रकृती, मुलांच्या परीक्षा अशी कारणे जोडलीत, की एकेक कारण सोडवून देणारे लोक भेटतात आणि शेवटी तुम्ही शिबिरात असता.

सासऱ्यांची सेवा सोडता येणार नाही आणि तसे कोणी सुचवूही नये. बैल विहिरीत पडला तर शब्बाथ दिवशीही त्याला बाहेर काढाल की नाही, असे प्रभूनेच विचारले होते. पण विसाव्याच्या आज्ञेतली यादी एकदा सावकाश वाचा: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, तुझ्या वेशीच्या आतला परका. पत्नीचे नाव त्यात वेगळे नाही. ‘तू’ या शब्दात तीही आली, असे अभ्यासक म्हणतात आणि ते बरोबरच असावे. तरी घराघरांत विसाव्याचा दिवस कोणाच्या कष्टांवर उभा असतो, हे पाहिले की ती गाळलेली जागा मला खुपते. पतीसमोर बसून ही यादी वाचा आणि आठवड्यातली एक वेळ अशी ठरवा, की त्या वेळी वडिलांचे औषध, अंथरूण आणि हाक हे सर्व त्यांच्याकडे असेल. त्यांना ते तुमच्याइतके नीट जमणार नाही. तुम्ही दाराआडून सूचना देत राहिलात तर कधीच जमणार नाही.

ही वेळ रविवारीच असली पाहिजे, असे नाही. तुमचा रविवार तर वर्ग आणि गायन यांतच जातो. तो उपासनेचा दिवस आहे, विसाव्याचा क्वचितच. सुरुवातीच्या जवळजवळ तीन शतकांत रविवार हा ख्रिस्ती लोकांनाही कामाचाच दिवस होता. 321 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने तो सुटीचा ठरवला आणि तेव्हाही शेतकऱ्यांना कामाची मुभा ठेवली. पाळीने काम करणारे, रुग्णालयात रात्रपाळी असणारे, एकट्याने मुले वाढवणारे असे जे वाचक हे वाचत असतील, त्यांनी रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायातले दिवसांविषयीचे पौलाचे म्हणणे पाहावे; प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी, इतकी मोकळीक त्यात आहे. ज्यांच्याकडे सोपवायला दुसरे माणूसच नाही, त्यांनी अर्ध्या दिवसाचा आग्रह न धरता अर्ध्या तासापासून सुरुवात करावी, पण तो अर्धा तास कामांच्या मध्येच घ्यावा, सगळे उरकल्यावर नको.

तुम्ही मात्र अर्धा दिवस घ्या, आणि तो संध्याकाळी सुरू करा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ असाच दिवस मोजला आहे, म्हणजे दिवसातले पहिले मोठे काम झोपणे हे आहे. शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाक थोडा जास्त करून ठेवा (मान्नाच्या गोष्टीतही भाजायचे आणि शिजवायचे ते आदल्या दिवशीच आटोपायला सांगितले आहे), फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि ठरलेली वेळ झाली की हातातले काम जिथे असेल तिथे सोडा. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत, हाक येताच संन्याशाने हातातले काम अपुरे टाकून उठावे, असे सांगितले आहे. त्याच नियमावलीत उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर आपापल्या बिछान्यावर पडून राहण्याची वेळही नेमून दिली आहे, आणि आळस हा आत्म्याचा शत्रू असे म्हणणारे प्रकरणही नेमके तेच आहे. शनिवारी दुपारपर्यंतच्या या वेळात काय करावे, याची यादी मी देणार नाही, कारण तुम्ही ती पूर्ण कराल. वाचा, चाला, मुलांशी खेळा, झोपा, स्तोत्र गुणगुणा. अपराधीपणा पहिले चार-पाच आठवडे येईल. तो आला म्हणून उठू नका.

प्रार्थनेच्या शेजारच्या वहीची लाज वाटू देऊ नका. आठवलेले काम लिहा, वही मिटा आणि जिथे थांबला होतात तिथून पुढे चला. पण आणखी एक करून पाहा: काही दिवस प्रार्थनेत मागण्यांची यादीही मागे ठेवा आणि दहा मिनिटे एखादे स्तोत्र, समजा 131वे, नुसते हळूहळू वाचा. त्यात तीनच ओव्या आहेत आणि आईजवळ शांत झालेल्या, दूध तुटलेल्या बाळाची उपमा आहे. तुम्ही दोन मुले वाढवली आहेत; दूध तुटलेले मूल काही न मागता मांडीवर नुसते बसून राहते, ते कसे, हे मी तुम्हांला समजावून सांगायला नको.

राहिले ते कपाट. चार दिवसांच्या रजेत ते पूर्ण लागले की अर्धवट राहिले, हे तुम्ही लिहिलेले नाही. अर्धवट असेल, तर दोन महिने त्याला हात लावू नका. आणि आज रात्री मशीन लावलेच असेल, तर ते थांबायची वाट न पाहता जाऊन झोपा. कपडे सकाळपर्यंत आतच राहिले तर थोडा कुबट वास येईल. पुन्हा एकदा पाण्यातून काढले की जातो.